मिस्त्रीची नजर, सगळ्यांची करवत

खराडीतून नगर रस्त्याला लागलं की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा मागे टाकत शिक्रापूर येतं. तिथून डावीकडे वळणारा रस्ता पाबळला जातो. शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. इलिनॉय विद्यापीठातली अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली वरिष्ठ नोकरी, आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावर पाबळचा माळ, असा त्यांचा प्रवास. शाळेत न रमलेल्या पोरांच्या हातात हत्यार दिलं की त्यांचं डोकंही चालायला लागतं, यावर त्यांचा पक्का भरवसा होता. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे (पुणेकरांनी गैरसमज करून घेऊ नये, कोथरूडच्या नव्हे) प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या पुढाकाराने याच आवारात ‘फॅब लॅब’ उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर उभी राहिलेली ही पहिली फॅब लॅब.

फॅब लॅब म्हणजे सामाईक कार्यशाळा. संगणकावर चालणारी कापणी-कोरणीची यंत्रं आणि सोबत नेहमीची हत्यारं. गावातल्या कुणीही यावं, शिकावं, हवं ते बनवावं. पुढे जगभर अशा लॅब झाल्या आणि त्यांनी एक छोटी सनद मान्य केली. वापरणाऱ्याचे हक्क तिच्यात आहेत, तशा तीन जबाबदाऱ्याही आहेत. पहिली, माणसाला इजा करायची नाही आणि यंत्रालाही नाही. दुसरी, जागेची साफसफाई, देखभाल आणि सुधारणा यांत हात लावायचा. तिसरी, आपल्याला जे कळलं ते लिहून ठेवायचं आणि दुसऱ्याला शिकवायचं. पाठीवर थाप मारणारी भाषा नाही, ‘आमचे ध्येय’ छापाचा मजकूर नाही. तीनच कामं, आणि त्यांतलं पहिलं सुरक्षेचं.

पाबळपासून तास-दीड तासावर असलेल्या खराडीत ही सनद आज जास्त उपयोगी पडेल. १९९७ साली हे गाव पुणे महापालिकेत आलं. पुढे इऑन आयटी पार्क आला, वर्ल्ड ट्रेड सेंटर आलं, मुळा-मुठेच्या काठापर्यंत टॉवर गेले. या टॉवरांमध्ये राहणाऱ्या अनेकांना दिवसभर पडद्यासमोर बसल्यावर हाताने काहीतरी करावंसं वाटतं. मुलाकडे राहायला आलेल्या निवृत्त वडिलांना नाना-नानी पार्कच्या बाकापेक्षा रंधा जवळचा वाटतो. पण दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत करवत चालवली, तर भुसा खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि आवाज वरच्यांच्या झोपेत. म्हणून चार-सहा जणांनी मिळून एखादा गाळा घ्यायचा, यंत्रं एकत्र आणायची, ही कल्पना पुढे येते. आणि गाळ्याचं भाडं ठरण्याआधीच कुणीतरी टेबल सॉची, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीची, किंमत काढलेली असते.

ऑस्ट्रेलियात हे आधी घडून गेलं आहे. तिथे निवृत्त पुरुषांच्या सामाईक सुतारशाळांना ‘मेन्स शेड’ म्हणतात. १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला गावात त्या नावाची शेड उघडली, २००७ मध्ये देशव्यापी संघटना झाली आणि शेडची संख्या आज हजाराच्या पुढे आहे. लाकूड हे तिथे निमित्त. एकटेपणावरचा उतारा हा खरा हेतू. आपल्याकडे मुंबईत २०१३ मध्ये वैभव छाब्रा यांनी सुरू केलेलं ‘मेकर्स असायलम’ हे सामाईक कार्यशाळेचं ठळक उदाहरण. मोडकं फर्निचर दुरुस्त करायला जमलेल्या मंडळींमधून ते उभं राहिलं आणि पुढे गोव्यात मोयरा गावी गेलं.

कुणाचीच नसलेली करवत

बारा बलुतेदारांतल्या सुताराच्या दारात औत दुरुस्त करून घ्यायला शेतकरी बसून राहायचे, पोरंसोरं भोवती खेळायची. तिथे एकही फलक नव्हता. पण मिस्त्री होता. वाकस कुठे ठेवली आहे, पटाशीला धार किती आहे, कुठलं पोर कुठे हात घालतंय, हे त्याला मान न वळवता कळायचं. शिकाऊ मुलाला वर्षभर भुसा झाडायला लावून मग करवत हातात दिली जायची. त्या वर्षात मुलगा अपघात कसा होतो ते पाहत शिकायचा.

सामाईक कार्यशाळेत हा माणूस नसतो. शनिवारी सकाळी एक सदस्य टेबल सॉचं पातं ४५ अंशांत वाकवतो, काम उरकतो, निघून जातो. दुपारी दुसरा येतो आणि पातं सरळ आहे असं धरून चालतो. कुणी गार्ड काढून ठेवलेलं असतं, कुणी ड्रिलच्या चकमध्ये चावी तशीच सोडलेली असते. प्रत्येक सदस्य आपापल्या परीने जपून वागत असतो, तरी धोका एकाच्या हातून निघून दुसऱ्याच्या बोटापर्यंत पोहोचतो. घरच्या गॅरेजमध्ये आणि क्लबमध्ये हाच फरक. घरी यंत्र ज्या अवस्थेत सोडलं त्याच अवस्थेत सापडतं.

सरकारी निरीक्षकही इथे फिरकत नाही. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत: गोल करवतीच्या मागे रायव्हिंग नाइफ (काप मिटू न देणारी पट्टी) हवी, वर गार्ड हवं, टेबलाखालचा पात्याचा भाग झाकलेला हवा, हाताजवळ ढकलकाठी हवी. पण छंदाच्या क्लबात पगारी कामगार नसतात, त्यामुळे तो सहसा कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. मिस्त्री नाही आणि निरीक्षकही नाही. या दोघांच्या नजरेचं काम जागेच्या मांडणीने, कुलपांनी आणि लिहिलेल्या सवयींनी करायचं असतं. कार्यशाळेची सुरक्षा म्हणजे मुख्यतः हेच.

त्यातली सर्वांत स्वस्त सवय अशी: काम संपलं की यंत्र ‘शून्यावर’ आणायचं. पातं सरळ करून टेबलाच्या खाली, प्लग बाहेर, गार्ड जागेवर, चकची चावी खुंटीला. आणि काम सुरू करणाऱ्याने, आधीच्याने हे केलंच असणार असं न मानता, तेच चार मुद्दे पुन्हा पाहायचे. यंत्राशेजारी लॅमिनेट केलेला, चार ओळींचा मराठी-हिंदी कागद पुरतो. इंग्रजीतलं चाळीस पानी माहितीपुस्तक कपाटात असतं आणि कपाटातच राहतं.

ताशी एकशे नव्वद किलोमीटर

लाकूडकामातल्या गंभीर अपघातांत टेबल सॉचं नाव सर्वांत वर येतं. एकट्या अमेरिकेत पात्याला हात लागून दरवर्षी सुमारे ३० हजार जणांना उपचार घ्यावे लागतात, असा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. हिशेब केला की कारण कळतं. दहा इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर होतो. चाळीस दातांचं पातं धरलं तर एका सेकंदात अडीच हजारांहून जास्त दात एका जागेवरून जातात. दचकून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात पाचशे दात येऊन गेलेले असतात. ‘मी लक्ष ठेवीन’ या आश्वासनाची इथे मर्यादा दिसते.

दुसरा धोका लाकडाचाच. पात्याचे पुढचे दात फळी टेबलावर दाबतात, मागचे दात वर येत असतात. लाकडात दडलेला ताण मोकळा झाला की काप पात्यामागे मिटतो, फळी मागच्या दातांना चिकटते, उचलली जाते आणि चालवणाऱ्याच्या पोटाच्या दिशेने भिरकावली जाते. यालाच किकबॅक म्हणतात. पुष्कळदा बोट कापतं ते त्यानंतर: फळी अचानक नाहीशी होते आणि तिच्यावर जोर देणारा हात पात्यावर जातो. पात्यामागची पातळ पोलादी पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, नेमकं हे थांबवते. ती पात्याच्या अंगापेक्षा किंचित जाड आणि दातांनी पाडलेल्या कापापेक्षा किंचित बारीक असते, त्यामुळे काप मिटत नाही. पात्याच्या रेषेत उभं न राहणं, अरुंद फळी ढकलकाठीने सरकवणं आणि पातं लाकडाच्या वर दाताएवढंच ठेवणं, या बाकीच्या तीन गोष्टी फुकट आहेत.

१९९९ मध्ये स्टीव्ह गॅस या अमेरिकी पेटंट वकिलाला, जो पदवीने भौतिकशास्त्रज्ञही होता, एक कल्पना सुचली. पात्यात क्षीण विद्युतसंकेत सोडायचा; ओलसर कातडी टेकली की तो बदलतो; त्या क्षणी ॲल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसवायचा. पातं पाच हजारांश सेकंदांच्या आत थांबतं. ‘सॉस्टॉप’ नावाने हे यंत्र विक्रीला आलं आणि पात्याला सॉसेज लावून दाखवायचं प्रात्यक्षिक प्रसिद्ध झालं. मात्र एकदा ठोकळा सुटला की तो आणि पातं दोन्ही बदलावं लागतं, आणि ओलं लाकूडही त्याला फसवू शकतं. शिवाय किकबॅक ते रोखत नाही. ज्या क्लबला ते परवडतं त्याने जरूर घ्यावं, पण रायव्हिंग नाइफ काढून नव्हे.

पुण्यातल्या इंटिरिअरच्या साइटवर दिसणारा प्रकार याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. चार-पाच इंची कटर उलटा करून प्लायच्या फळीखाली स्क्रूने आवळतात, पातं खाचेतून वर काढतात, चालू बटण लॉक करून ठेवतात. झाला टेबल सॉ! बंद करायचं बटण फळीखाली, गार्ड काढलेलं, रायव्हिंग नाइफ नाहीच. अनुभवी मिस्त्री त्यावर दिवसचे दिवस काम काढतो, कारण त्याचे हात त्याला माहीत असतात. क्लबमध्ये असा जुगाड पहिल्याच दिवशी नाकारायला हवा. तो दिसला की नवा सदस्य ‘चालतं की’ असं शिकतो, आणि तेवढं शिकणं पुरेसं घातक असतं.

म्हणून परवाने यंत्रागणिक असावेत. हाताची हत्यारं, म्हणजे करवत, रंधा, पटाशी, कानस, ही पहिली पायरी. इथला मुख्य नियम एकच: दोन्ही हात धारेच्या मागे, काम शिकंज्यात आवळलेलं. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त कापते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात निसटतो. त्यामुळे पहिला धडा धार लावण्याचाच असावा. दुसरी पायरी ड्रिल, जिगसॉ, सँडर. तिसरी टेबल सॉ, बँड सॉ, रंधा मशीन, राउटर टेबल. हिरवा, पिवळा, लाल असे ठिपके यंत्रांवर आणि सदस्याच्या कार्डावर. लाल यंत्रांच्या प्लगला कुलूप, चावी परवानाधारकाकडे. लाल यंत्र चालू असताना गाळ्यात दुसरा माणूस हवा. सहा महिने यंत्राला हात लावला नसेल तर परवाना पुन्हा तपासायचा. यातली कुठलीही अट अपमानाची नाही. तीस वर्षं प्लँट चालवलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरलाही ती तशीच लागू. उलट, वयाने मोठ्या सदस्याला ‘काका, गार्ड लावा’ म्हणायला तरुण मंडळी कचरतात, म्हणून सांगण्याचं काम ठिपक्यावर सोपवलेलं बरं.

गुरुवारची वीज

पुण्यात देखभालीसाठी वीज जाण्याचा वार गुरुवार. करवत चालू असताना वीज गेली, सदस्याने फळी तशीच सोडली, चहाला गेला. तासाभराने वीज येते आणि रिकाम्या गाळ्यात, किंवा पात्याला अडकलेलं लाकूड कुणी हाताने काढत असताना, यंत्र आपोआप सुरू होतं. साध्या खटक्याच्या बटणाची ही खोड.

यावरचा उपाय शिरूर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर! हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल संपर्क धरून ठेवते. वीज गेली की कॉइल सोडून देते आणि पुन्हा हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. शेतकरी रात्रीच्या विजेच्या वेळापत्रकाला वैतागून त्यावर ऑटो स्विच बसवतात, ती त्यांची गरज. कार्यशाळेत मात्र जागेवर बसवलेल्या प्रत्येक यंत्राला असा स्टार्टर हवा, ऑटोशिवाय. लाल बटण गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल एवढं मोठं आणि खाली, कारण अडचणीच्या क्षणी दोन्ही हात लाकडावर असतात. गाळ्याच्या दाराजवळ सगळी यंत्रं एकदम बंद करणारा एक खटका हवा. पॉइंटना विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, तपासलेलं अर्थिंग, आणि जमिनीवरून लोळणाऱ्या एक्स्टेन्शन वायरींना बंदी.

कपड्यांचे नियम ऐकायला शाळेतल्यासारखे वाटतात, पण त्यांच्यामागे एकच तत्त्व आहे: फिरणाऱ्या वस्तूला पकडायला काही द्यायचं नाही. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, मंगळसूत्र, अंगठी, ब्रेसलेट. मनगटावरचा लाल दोरा किंवा राखी विसरली जाते, कारण ती आता शरीराचाच भाग वाटते. ड्रिलच्या चकला तसं वाटत नाही. फिरत्या यंत्रावर हातमोजेही चालत नाहीत. मोज्याचा धागा अडकला तर कातडी सोलून निघण्याऐवजी अख्खा हात आत ओढला जातो. चपला दाराबाहेर आणि बूट आत, हा एक नियम मराठी घराच्या बरोबर उलटा, त्यामुळे दारावर मोठ्या अक्षरात लिहावा लागतो.

न दिसणारा भुसा

इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांचं गाव. तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या पोकळीतला एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग त्यांच्याकडे वारंवार येतो आहे, आणि रुग्ण बहुतेक फर्निचर कारागीर आहेत. साथरोगतज्ज्ञ डोनाल्ड ॲचेसन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला अभ्यास १९६८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दोष भुशाकडे, विशेषतः कठीण लाकडांच्या भुशाकडे गेला. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकली. ते कारागीर वर्षानुवर्षं, दिवसाचे आठ-दहा तास त्या धुळीत होते. रविवारी दोन तास येणाऱ्याचा धोका त्या मानाने फार कमी. पण दमा, सर्दी आणि कातडीची ॲलर्जी व्हायला वर्षं लागत नाहीत. आपला लाडका साग आणि शिसव या दोन्हींची धूळ कातडीला चावते, आणि एमडीएफ घासताना लाकडासोबत फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिनही उडतं.

डोळ्यांना दिसणारा भुसा निरुपद्रवी म्हणावा इतका जड असतो. तो खाली पडतो. दहा मायक्रॉनच्या खालचे कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या भागाहून बारीक, तासन्‌तास तरंगतात आणि फुप्फुसापर्यंत जातात. त्यामुळे कार्यशाळा झाडूने झाडणं म्हणजे बसलेली धूळ पुन्हा हवेत सोडणं, आणि काँप्रेसरच्या हवेने कपडे झटकणं त्याहून वाईट. धूळ यंत्राच्या तोंडाशीच ओढून घेणारा डस्ट कलेक्टर हवा, आणि उरलेल्यासाठी व्हॅक्यूम. कोविडनंतर घराघरांत पडून असलेले एन-९५ मास्क इथे कामाला येतात. कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल फक्त जाड भुसा अडवतो.

लाकूड आणायचं कुठून, हाही सुरक्षेचाच प्रश्न. रांजणगाव आणि सणसवाडीच्या कारखान्यांमधून बाहेर पडणारी पॅलेट खराडीला जवळची आणि स्वस्त. आंतरराष्ट्रीय मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का असतो, भारतातल्या असतील तर त्यात ‘आयएन’ ही अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं; ते घेऊ नये. शिक्का काहीही असो, रसायन सांडल्याचे डाग असलेलं पॅलेट बाद. आणि प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ती यंत्राजवळ न्यायची नाही. मोडून लाकडात राहिलेला एक खिळा रंधा मशीनच्या पात्यांना पुरून उरतो, आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही.

चिंध्या आणि आग

२५ मे २०२३ च्या पहाटे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला लागलेली आग पुणेकरांच्या लक्षात आहे. कोरडं लाकूड, खेटून असलेली गोदामं, अरुंद गल्ल्या. सामाईक कार्यशाळा आकाराने लहान, पण तिच्यात लाकडाखेरीज भुसा, थिनर आणि ठिणग्या उडवणाऱ्या मोटारी एका छताखाली असतात. पॉलिशची, लॅकरची फवारणी वेगळ्या, खिडकी उघडी राहील अशा जागी आणि यंत्रं बंद असताना करायची, ही पहिली अट.

दुसरी गोष्ट अनेक अनुभवी मंडळींनाही नवी असते. जवसाच्या तेलाने, म्हणजे लिनसीड ऑइलने पुसलेली चिंधी आपोआप पेटू शकते. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्या क्रियेत उष्णता निघते. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता निघून जाते. बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर आत साठत जाते आणि काही तासांनी धूर येतो. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर कामगारांनी सोडलेल्या अशाच चिंध्यांनी पेट घेतला. आग मजल्यामागून मजला चढत गेली, तीन अग्निशामक जवान मरण पावले. तिसाव्या मजल्यावर स्प्रिंकलर होते, तिथे ती अडली. उपाय अगदी साधा: चिंधी बाहेर दोरीवर पसरून वाळवायची, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा रोज बाहेर.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आपली रीत या बाबतीत सोयीची आहे. त्या दिवशी सगळी हत्यारं पुसून मांडलेली असतात, यंत्रं बंद असतात आणि सदस्य हजर असतात. वर्षाची संपूर्ण तपासणी याच दिवशी ठरवावी: पट्टे, बेअरिंग, वायरी, गार्ड, अग्निशामक नळकांड्याची मुदत. समई थिनरच्या कपाटापासून लांब ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू करण्याआधी झेंडूची माळ काढावी.

शेजारी, नोंदवही, पैसे

गाळा रहिवासी इमारतीच्या तळमजल्यावर असेल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू होतात: रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. राउटरचा आवाज जवळून १०० डेसिबलच्या घरात जातो, म्हणजे चालवणाऱ्याच्या कानालाही पंधरा-वीस मिनिटांत संरक्षण लागतं. दुपारी दोन ते चार यंत्रं बंद, संध्याकाळी सातनंतर फक्त हाताची हत्यारं, असं वेळापत्रक दारावर लावलं की सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत क्लबचा विषय निघत नाही. पुण्यात दुपारच्या झोपेला हात लावून कुठलीही संस्था टिकलेली नाही.

क्लब कागदावरही असायला हवा. सात सदस्य जमले की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी करता येते. त्याने बँक खातं, भाडेकरार आणि विमा संस्थेच्या नावावर होतो. अपघात झाला तर ज्याच्या नावावर गाळा त्या एकट्याच्या दारात सगळे उभे, असं होत नाही.

कार्यशाळेतली सगळ्यांत मोलाची वही मात्र नोंदणीची नसते. ती ‘थोडक्यात वाचलो’ प्रसंगांची. फळी उडाली पण लागली नाही, पातं वाकडं सोडलेलं सापडलं, वायर गरम झाली. तारीख, यंत्र, काय झालं. नाव लिहायची सक्ती नाही आणि नाव लिहिणाऱ्याला बोलणी नाहीत. महिन्यातून एकदा ती सगळ्यांसमोर वाचायची. एकाच यंत्राच्या तीन नोंदी आल्या तर दोष यंत्रात किंवा मांडणीत आहे, माणसांत नाही. फॅब लॅबच्या सनदेतली तिसरी जबाबदारी, कळलेलं लिहून ठेवण्याची, सुतारकामात या रूपात येते.

अपघात झालाच तर काय करायचं, तेही भिंतीवर हवं. यंत्र बंद. जखमेवर स्वच्छ कापडाचा घट्ट दाब, हात छातीच्या वर. १०८ ला फोन. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकलं तर पेशी मरतात आणि जोडण्याची शक्यता कमी होते. हातावरची शस्त्रक्रिया होणारं जवळचं रुग्णालय कोणतं, ते आधीच शोधून त्याचा नंबर लिहिलेला असावा. नगर रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीत हे ठरवत बसायला वेळ नसतो.

राहिला मिस्त्री. खराडीच्या टॉवरांमध्ये रोज शेकडो सुतार फर्निचर बसवत असतात, कुणी मराठवाड्यातले, बरेचसे राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले. त्यांतल्या एखाद्या मुरलेल्या कारागिराला आठवड्यातून दोन दिवस रीतसर मानधन देऊन बोलावणं क्लबला परवडतं. लाकडाची रेघ ओळखणं, धार लावणं, जोड बसवणं हे त्याच्याकडून शिकावं. गार्ड आणि मास्कची सवय बहुधा त्याला क्लबकडून लागेल. दोन्हीकडून शिकणं असलं तरी मानधन एकाच दिशेने जातं, हे विसरायचं नाही.

पहिल्या वर्षात खरेदीचा क्रम असा धरता येतो: भक्कम वर्कबेंच आणि शिकंजे, धारेचे दगड, हाताची हत्यारं, वायरिंग आणि आरसीसीबी, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, व्हॅक्यूम. मग ड्रिल आणि जिगसॉ. टेबल सॉ दुसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात, आणि त्याच रकमेत स्टार्टर आणि डस्ट कलेक्टरचे पैसे धरलेले. हे दोन वेगळ्या ओळींत लिहिले, तर वर्गणी कमी पडली की ते तिसऱ्या वर्षावर ढकलले जातात आणि करवत मात्र तोवर सुरू झालेली असते.